एक दलदल, दोन कैदी

दिवाळीच्या सुटीत बहिणीचा मुलगा आठ दिवस आमच्याकडे राहायला होता. अकरावीत शिकतो. दिवसभर लॅपटॉप उघडून बसायचा. एकदा मी मागे जाऊन उभा राहिलो. वाटले, गोळीबार चालला असेल. पण पडद्यावर चक्क नकाशा होता. रशियाचा नकाशा, आणि तोही फुटलेल्या बशीसारखा तुकडे तुकडे झालेला.

"हे काय रे?"

"मामू, यात जर्मनी दुसरं महायुद्ध जिंकलाय. आता १९६२ साल आहे. रशियाचे तुकडे झालेत, प्रत्येक तुकड्यावर एकेक सरदार बसलाय. आपण एक सरदार निवडायचा आणि सगळा रशिया पुन्हा जोडायचा."

खेळाचे नाव 'हार्ट्स ऑफ आयर्न ४'. स्वीडनच्या पॅराडॉक्स कंपनीने तो २०१६ मध्ये काढला. त्यावर हौशी मंडळींनी स्वतःची एक वेगळी कथा रचली आहे, 'द न्यू ऑर्डर: लास्ट डेज ऑफ युरोप'. ती २०२० मध्ये आली. इतिहास जसा घडला तसा नव्हे, तर उलटा घडला असता तर काय, अशी ती कल्पना. माझ्या भाच्याने व्होल्गा नदीकाठचे समारा शहर निवडले होते. तिथल्या सरदाराचा फोटो कोपऱ्यात दिसत होता. जाड काळ्या फ्रेमचा चष्मा, उंच कपाळ, शाळामास्तरासारखा चेहरा. खाली नाव होते आंद्रेई व्लासोव.

"हा खरा होता का हो? गेममध्ये लिहिलंय की हा आधी रशियाचा जनरल होता, मग हिटलरकडे गेला. मग हा गद्दार की देशभक्त? तो स्वतःला देशभक्त म्हणतो."

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. इतिहासाचे सर रजेवर असले की त्यांचा तास माझ्याकडे येतो, एवढाच माझा इतिहासाशी अधिकृत संबंध. पण या प्रश्नाचे उत्तर मी "उद्या सांगतो" म्हणून टाळले, त्याचे कारण माहिती नव्हती हे नाही. कारण 'गद्दार' हा शब्द होता.

हा शब्द आमच्या घरात सहज कोणी वापरत नाही. कारगिलच्या वर्षी मी बी.एड. करत होतो. जवानांसाठी कॉलेजात निधी गोळा होत होता. मी पन्नास रुपये दिले. पावती फाडताना माझ्याच वर्गातला एक मित्र हसून म्हणाला, "अरे वा, तू पण?" त्याच्या मनात काही वाईट नव्हते हे मला तेव्हाही कळत होते. पुढे त्याच्या लग्नात मी जेवलोही. पण ती पावती मी आजपर्यंत जपून ठेवली आहे. कशासाठी, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

म्हणून भाच्याला चार वाक्यांत उत्तर देण्याऐवजी हा लेख लिहितो आहे.

स्तालिनचा लाडका सेनापती

आंद्रेई व्लासोवचा जन्म १९०१ चा, निझनी नोवगोरोद भागातल्या लोमाकिनो गावातला. शेतकऱ्याचा मुलगा. पाद्री व्हावे म्हणून त्याला धर्मशाळेत घातले होते. क्रांती झाली, ते शिक्षण सुटले. काही काळ शेतीशास्त्र शिकला आणि यादवी युद्धात लाल सैन्यात भरती झाला. १९३० मध्ये कम्युनिस्ट पक्षाचा सभासद झाला. १९३८-३९ मध्ये तो चीनमध्ये च्यांग काय-शेकच्या सैन्याचा सल्लागार होता.

हा काळ लक्षात घ्यायला हवा. १९३७-३८ मध्ये स्तालिनने आपल्याच सैन्यातले हजारो अधिकारी तुरुंगात घातले किंवा गोळ्या घालून मारले. मार्शल तुखाचेव्हस्कीसारखा माणूस त्यात गेला. व्लासोव वाचला आणि रिकाम्या झालेल्या खुर्च्यांमुळे वरही चढला. १९४० मध्ये त्याच्याकडे ९९ वी डिव्हिजन आली आणि ती लाल सैन्यातली उत्तम डिव्हिजन म्हणून गाजली. १९४१ मध्ये त्याला ऑर्डर ऑफ लेनिन मिळाले.

२२ जून १९४१ ला जर्मनीने हल्ला केला. व्लासोव आधी ल्विवजवळ लढला, मग कीव्हच्या बचावात. कीव्हचा वेढा पडला तेव्हा लाखो सैनिक पकडले गेले. व्लासोव मात्र त्यातून निसटून आपल्या बाजूला परत आला. डिसेंबरमध्ये मॉस्कोसमोर जर्मनांना मागे रेटले गेले, तेव्हा विसाव्या आर्मीचा प्रमुख तोच होता. १३ डिसेंबर १९४१ च्या सोव्हिएत वर्तमानपत्रांत मॉस्को वाचवणाऱ्या सेनापतींचे फोटो छापून आले. त्यात व्लासोवचा फोटो होता. पुढच्याच महिन्यात तो लेफ्टनंट जनरल झाला.

म्हणजे हा माणूस कोपऱ्यातला, रुसलेला, डावललेला अधिकारी नव्हता. मॉस्कोच्या घराघरांत ज्याचा फोटो पोहोचला होता असा तो माणूस होता.

वोल्खोवची दलदल

लेनिनग्राडला सप्टेंबर १९४१ पासून वेढा पडला होता. शहर उपाशी मरत होते. तो वेढा फोडण्यासाठी जानेवारी १९४२ मध्ये वोल्खोव नदीच्या बाजूने हल्ला सुरू झाला. 'दुसरी शॉक आर्मी' बर्फावरून जर्मन फळी फोडून आत घुसली. पण फळीला पडलेले भोक अरुंद होते. म्यास्नोय बोर नावाच्या गावाजवळची काही किलोमीटरची पट्टी, तीच येण्याची वाट आणि तीच जाण्याची. ही पट्टी कधी बंद व्हायची, कधी पुन्हा उघडली जायची.

एप्रिलमध्ये या आर्मीचा आधीचा सेनापती आजारी पडला आणि व्लासोवला तिची सूत्रे देण्यात आली. तोपर्यंत खेळ जवळजवळ संपला होता. बर्फ वितळला, सगळा मुलूख चिखल झाला. लाकडाचे ओंडके टाकून केलेले रस्ते बुडाले. तोफगोळे हातांनी वाहायची वेळ आली. सैनिकांनी घोडे खाल्ले, मग झाडांच्या साली. माघारीची परवानगी आली तेव्हा उशीर झाला होता. जूनच्या अखेरीस पट्टी कायमची बंद झाली आणि आर्मी संपली. जे निसटले ते थोडे. बाकीचे मेले किंवा पकडले गेले. त्या रानात आजही स्वयंसेवक दर उन्हाळ्यात जमीन खणतात आणि सैनिकांच्या अस्थी बाहेर काढून दफन करतात.

व्लासोव दोन-तीन आठवडे जंगलात लपत फिरला. १२ जुलै १९४२ रोजी एका खेड्यात जर्मनांच्या हाती लागला.

त्याच दलदलीत त्याच आर्मीचा आणखी एक माणूस त्याच्या दोन आठवडे आधी, २६ जूनला, जखमी अवस्थेत पकडला गेला होता. आर्मीच्या 'ओत्वागा' या वर्तमानपत्राचा तो बातमीदार होता. ओत्वागा म्हणजे साहस. त्याचे नाव मूसा जलील. त्याच्याकडे थोड्या वेळाने येऊ.

कैदी झालेल्या माणसाचा देश कोणता?

सोव्हिएत सैनिक जर्मनांच्या हाती लागला म्हणजे काय होत होते, हे समजल्याशिवाय पुढचे काहीच समजणार नाही. युद्धात सुमारे ५७ लाख सोव्हिएत सैनिक कैद झाले. त्यातले सुमारे ३३ लाख मेले. लढाईत नव्हे, कैदेत. काटेरी तारेचे कुंपण, वर उघडे आकाश, खायला जवळजवळ काही नाही. एकट्या पहिल्या हिवाळ्याअखेर २० लाखांच्या आसपास माणसे मेली होती. हे रसद कमी पडल्यामुळे झाले नाही. स्लाव्ह माणूस कमी प्रतीचा आहे आणि पूर्वेकडची माणसे उपाशी मेली तरी चालतील, हे नाझींचे ठरलेले धोरण होते.

आणि त्यांचा स्वतःचा देश? ऑगस्ट १९४१ मध्ये स्तालिनने २७० क्रमांकाचा हुकूम काढला. शरण जाणारा अधिकारी पळपुटा समजला जाईल आणि त्याच्या कुटुंबाला अटक होईल, असा त्याचा अर्थ. शरण जाणाऱ्या साध्या सैनिकाच्या कुटुंबाची सरकारी मदत बंद. स्तालिनचा स्वतःचा मुलगा याकोव कैद झाला आणि १९४३ मध्ये जर्मन छावणीतच मेला.

थोडक्यात, कैद्याला एका बाजूने शत्रू उपाशी मारत होता आणि दुसऱ्या बाजूने त्याचा देश त्याला गद्दार म्हणत होता. या फटीत जर्मनांनी भरती सुरू केली. रशियन, युक्रेनी, कझाक, उझबेक, जॉर्जियन, आर्मेनियन, तातार, सगळ्यांच्या तुकड्या उभ्या केल्या. गणवेश घातला तर भाकरी. लाखो माणसांनी तो घातला. त्यातल्या किती जणांनी विचाराने घातला आणि किती जणांनी भुकेने, हे त्यांच्या अल्लालाच किंवा देवालाच ठाऊक.

पण व्लासोव भुकेने मरत नव्हता. त्याला विनित्साच्या छावणीत बड्या अधिकाऱ्यांमध्ये ठेवले होते. तिथे त्याने जर्मनांबरोबर काम करायची तयारी दाखवली. त्याची बाजू अशी होती: स्तालिनने शेतकरी उद्ध्वस्त केले, माणसे मारली, सैन्याची वाट लावली, मी रशियाच्या नव्हे, स्तालिनच्या विरुद्ध आहे. यातला पहिला भाग खोटा नाही. स्तालिनची राजवट तशीच होती.

डिसेंबर १९४२ मध्ये त्याच्या सहीचे १३ कलमी पत्रक निघाले. सामूहिक शेती बंद करू, राजकीय कैदी सोडू, धर्माला मोकळीक देऊ, असे त्यात होते. त्यावर पत्ता होता स्मोलेन्स्कचा. प्रत्यक्षात सगळी जुळणी बर्लिनमध्ये झाली होती, आणि ज्या 'रशियन समिती'च्या नावाने ते निघाले तिला कागदाबाहेर फारसे अस्तित्व नव्हते. जर्मन विमानांनी ही पत्रके सोव्हिएत फळीवर टाकली. १९४३ च्या वसंतात व्लासोवला व्यापलेल्या प्रदेशात भाषणांसाठी फिरवले गेले. तिथे तो स्वतंत्र रशियाची भाषा बोलू लागला, तसा जर्मन सैन्याचा वरिष्ठ सेनापती कायटेल भडकला. जूनमध्ये हिटलरने साफ सांगितले की रशियन सैन्य उभारायचे नाही. व्लासोव हवा तो पत्रकापुरता.

'व्लासोवची फौज' म्हणून जिची एवढी चर्चा होते, ती त्या वेळी अस्तित्वातच नव्हती. जर्मनांच्या हाताखालच्या तुकड्यांना जर्मन अधिकारी होते. व्लासोव बर्लिनमधल्या एका बंगल्यात नजरकैदेसारखा राहत होता.

त्याला खरी फौज मिळाली ती जर्मनी हरायला लागल्यावर. सप्टेंबर १९४४ मध्ये हिमलरने त्याला भेटीला बोलावले. ज्याच्या हुकमाने माणसे गॅसच्या कोठड्यांत जात होती, तो हिमलर. १४ नोव्हेंबर १९४४ ला प्रागमध्ये जाहीरनामा निघाला आणि दोन डिव्हिजन उभ्या राहिल्या. पहिली सुमारे १८ हजारांची, प्रमुख सेर्गेई बुन्याचेन्को. मे १९४५ मध्ये प्रागच्या लोकांनी जर्मनांविरुद्ध उठाव केला, तेव्हा याच पहिल्या डिव्हिजनने बंदुका उलट्या फिरवल्या आणि दोन दिवस प्रागच्या रस्त्यांवर जर्मनांशी लढली. शहरातल्या अनेकांचे जीव त्यामुळे वाचले. पण लाल सैन्य येत होते, चेक नेत्यांना हे ओझे नको होते. डिव्हिजन अमेरिकनांच्या दिशेने निघून गेली. १२ मे १९४५ ला व्लासोव सोव्हिएत सैनिकांच्या हाती लागला. बंद दाराआड खटला झाला आणि १ ऑगस्ट १९४६ रोजी त्याला अकरा साथीदारांसह फाशी देण्यात आले. २००१ मध्ये रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या लष्करी पीठानेही त्याची शिक्षा कायम ठेवली.

खेळात तो १९६२ साली जिवंत आहे आणि समारात राज्य करतो आहे. समाराचे तेव्हाचे नाव कुइबिशेव. जर्मन मॉस्कोजवळ पोहोचले तेव्हा सोव्हिएत सरकारची कार्यालये आणि परदेशी वकिलाती तिथेच हलवल्या होत्या. म्हणजे ज्या शहराने देश वाचवायला आसरा दिला, त्याच गादीवर खेळवाल्यांनी व्लासोवला बसवले आहे.

दुसरा कैदी

आता मूसा जलील. जन्म १९०६, ओरेनबर्ग भागातल्या मुस्ताफिनो गावातला. तातार मुसलमान. ओरेनबर्गच्या हुसैनिया मदरशात शिकले. पुढे कम्युनिस्ट झाले, मॉस्को विद्यापीठात गेले, तातार भाषेतले नावाजलेले शायर झाले. ऑपेराची संहिता लिहिली, तातारस्तानच्या लेखक संघाचे काम पाहिले. युद्ध सुरू झाल्यावर आघाडीवर गेले आणि वोल्खोवच्या त्या चिखलात पोहोचले.

ते सैन्यात राजकीय अधिकारी होते. अशा अधिकाऱ्याला पकडताच गोळी घालण्याचा जर्मन हुकूम होता. म्हणून कैदेत त्यांनी गुमेरोव हे खोटे नाव सांगितले. एका छावणीतून दुसऱ्या छावणीत असे करत ते पोलंडमध्ये आले. तिथे जर्मन व्होल्गा भागातल्या मुसलमान कैद्यांची 'इदेल-उराल' फौज उभारत होते. जलील यांना ओळखले गेले, आणि त्यांना या फौजेसाठी सांस्कृतिक काम करायला सांगण्यात आले. गायक-नट गोळा करायचे, छावण्यांमध्ये फिरायचे, माणसांना लढायला तयार करायचे.

त्यांनी होकार दिला.

इथे थोडे थांबावे लागते. या क्षणी बाहेरून पाहणाऱ्याला व्लासोव आणि जलील यांच्यात काहीच फरक दिसला नसता. एकाच आर्मीतले दोघे, एकाच दलदलीत पकडलेले, दोघांनीही शत्रूचे काम पत्करलेले.

पण जलील छावण्यांत फिरत होते ते गुप्त संघटना बांधायला. पत्रके छापली, पळून जाण्याच्या योजना केल्या, फौजेतल्या लोकांना सांगितले की आघाडीवर गेलात की बंदूक फिरवा. फेब्रुवारी १९४३ मध्ये याच फौजेची ८२५ वी बटालियन बेलारूसमध्ये वितेब्स्कजवळ पाठवली, तर तिचे शेकडो सैनिक शस्त्रांसह सोव्हिएत पार्टिझानांना जाऊन मिळाले. ऑगस्ट १९४३ मध्ये फितुरी झाली. जलील आणि त्यांचे साथीदार पकडले गेले. बर्लिनच्या मोआबित तुरुंगात त्यांना ठेवले. २५ ऑगस्ट १९४४ रोजी प्लॉट्झेनझे तुरुंगात अकरा तातारांची मुंडकी गिलोटिनने उडवण्यात आली. मूसा जलील त्यांतले एक. वय ३८.

तुरुंगात त्यांनी हाताच्या तळव्याएवढ्या वह्यांमध्ये कविता लिहिल्या होत्या. एक वही अरबी लिपीत, एक लॅटिन लिपीत. कोठडीतल्या आंद्रे टिमरमान्स नावाच्या बेल्जियन कैद्याकडे त्यांनी एक वही सोपवली. टिमरमान्सला तातार भाषेचे अक्षरही येत नव्हते. तरी त्याने ती जपली आणि १९४७ मध्ये ब्रुसेल्सच्या सोव्हिएत वकिलातीत पोहोचवली. दुसरी वही एका परत आलेल्या युद्धकैद्याने १९४६ मध्ये कझानच्या लेखक संघाला आणून दिली होती. बक्षीस म्हणून पुढे त्यालाच छावणीत पाठवले गेले.

कारण तोपर्यंत सोव्हिएत दप्तरात मूसा जलील हे गद्दार होते. १९४६ मध्ये गुप्त पोलिसांनी त्यांच्या नावाने देशद्रोहाचे प्रकरण उघडले होते. मेलेल्या माणसाचा शोध सुरू होता. त्यांच्या कविता वाचनालयांतून काढल्या गेल्या. कझानच्या लेखकांनी पाठपुरावा केला, रशियन लेखक कॉन्स्टन्टिन सिमोनोव यांनी बाजू उचलून धरली, आणि स्तालिन मेल्यानंतर काही आठवड्यांतच, एप्रिल १९५३ मध्ये, त्यांच्या कविता छापून आल्या. १९५६ मध्ये त्यांना 'सोव्हिएत संघाचा वीर' हा सर्वोच्च किताब आणि १९५७ मध्ये लेनिन पुरस्कार मिळाला. आज कझानच्या क्रेमलिनसमोर त्यांचा पुतळा उभा आहे.

त्या दोन वह्या हरवल्या असत्या तर? तर मूसा जलील आजही व्लासोवच्याच रांगेत उभे असते.

एव्हाना वाचकांच्या लक्षात आले असेल की व्लासोवला मी 'तो' म्हणतो आहे आणि जलील यांना, हा भाग सुरू झाल्यापासून, 'ते'. मराठी शिकवणारा मास्तर आहे, त्यामुळे हे नकळत झालेले नाही. पण हा निवाडा मला आज करता येतो, कारण सगळी कागदपत्रे समोर आहेत. १९४३ मध्ये तो कोणालाच करता आला नसता.

आणि दुसरा पर्याय नव्हता, हेही खरे नाही. जनरल लुकिन १९४१ मध्ये व्याझ्मात कैद झाले, पाय कापावा लागला. त्यांनी व्लासोवबरोबर जायला नकार दिला आणि युद्धानंतर परत आले. जनरल कार्बिशेव साठीचे म्हातारे गृहस्थ होते, किल्लेबंदीचे मोठे जाणकार. जर्मनांनी पुष्कळ विनवले, ते बधले नाहीत. फेब्रुवारी १९४५ मध्ये माउथाउझेनच्या छावणीत कडाक्याच्या थंडीत अंगावर पाणी ओतून त्यांना मारले. ज्या ऑगस्टमध्ये व्लासोवला फाशी झाली, त्याच ऑगस्ट १९४६ मध्ये कार्बिशेव यांना मरणोत्तर 'वीर' किताब मिळाला.

गद्दारी कोणाच्या नावावर चढते?

या गोष्टीतले मला सर्वांत जास्त टोचणारे पान अजून सांगायचे आहे.

व्लासोव गेला तेव्हा त्याच्या मागे ती आर्मीच बदनाम झाली. जे हजारो सैनिक त्याच्या आधी, त्याच्या फितुरीशी काडीचा संबंध नसताना, चिखलात मेले, त्यांनाही लोक 'व्लासोववाले' म्हणू लागले. त्यांच्या विधवांना आणि मुलांना वर्षानुवर्षे मान खाली घालावी लागली.

तरीही एक गोष्ट झाली नाही. व्लासोव रशियन होता म्हणून कोणी समस्त रशियन लोकांना गद्दार ठरवले नाही. ते योग्यच झाले. पण हाच न्याय सगळ्यांना मिळाला का?

२३ फेब्रुवारी १९४४ पासून चेचेन आणि इंगुश लोकांना मालगाड्यांत भरून मध्य आशियात पाठवण्यात आले. १८ मे १९४४ ला क्रिमियातल्या तातारांची पाळी आली. तीन दिवसांत सुमारे १ लाख ९० हजार माणसे. बायका, मुले, म्हातारे, सगळे. आरोप एकच: तुमच्यातले काही जर्मनांना मिळाले. काही मिळाले होते, हे खरे आहे. पण त्याच वेळी हजारो क्रिमियन तातार लाल सैन्यात लढत होते. युद्ध संपल्यावर त्यांनाही घरी जाऊ न देता वनवासात धाडले. विमानदलातला अमेत-खान सुलतान हा दोनदा 'सोव्हिएत संघाचा वीर' झालेला वैमानिक. त्याची आई क्रिमियन तातार. १९६७ मध्ये सरकारने हा आरोप कागदावर मागे घेतला. प्रत्यक्षात परतायला १९८० च्या दशकाची अखेर उजाडली.

म्हणजे एक रशियन सेनापती फुटला तर तो एक माणूस फुटला. काही तातार फुटले तर सगळे तातार फुटले. गद्दारीचा हिशेब असा दोन वह्यांत लिहिला जातो. एका वहीत माणसांची नावे असतात, दुसरीत फक्त जातीचे नाव.

आपल्याकडचा प्रश्न

आपल्या वाचकाच्या मनात इथे आझाद हिंद फौज येणारच. नेताजी मे १९४२ मध्ये हिटलरला भेटले, उत्तर आफ्रिकेत पकडलेल्या हिंदी सैनिकांची तुकडी जर्मनीत उभी राहिली. ब्रिटिशांच्या कायद्याने हेही गद्दारच होते. नोव्हेंबर १९४५ मध्ये लाल किल्ल्यात शाहनवाज खान, प्रेम सहगल आणि गुरुबक्षसिंग ढिल्लों यांच्यावर खटला चालला. दोषी ठरले, पण देश एवढा पेटला की शिक्षा रद्द करून त्यांना सोडावे लागले.

मग व्लासोव आणि हे सारखे का? मला वाटते, नाही. हिंदी सैनिकाने मोडली ती परक्या राजाला दिलेली शपथ होती. ज्या लोकांसाठी तो लढत होतो म्हणाला, त्या लोकांनी त्याला नंतर आपला म्हटले. व्लासोव मात्र ज्यांच्या हाताखाली गेला, ते त्याच्याच लोकांना संपवायला आले होते. त्याच्या हाताखाली हरलेले सैनिक त्यांच्याच छावण्यांत उपाशी मरत होते. लेनिनग्राड तेव्हाही वेढ्यात होते. स्तालिन जुलमी होता, हे त्याचे म्हणणे खरे. पण एका जुलमावरचा राग दुसऱ्या जुलमाच्या चाकरीला कारण ठरत नाही. तरीही हिटलरशी हातमिळवणी करण्याच्या नेताजींच्या निर्णयावर शंका घेणारे तेव्हाही होते, आजही आहेत, आणि ती शंका घेणारा माणूस देशाचा वैरी ठरत नाही, एवढे भान आपण ठेवायला हवे.

हे सगळे मी भाच्याला सुटीच्या शेवटच्या रात्री सांगितले. त्याने शांतपणे ऐकले. मग विचारले, "मग गेममध्ये मी व्लासोवला जिंकवू की नको?"

म्हटले, "खेळ आहे, खुशाल खेळ. फक्त खेळात एक बटण दाबून निष्ठा ठरते, तशी माणसांची ठरत नाही एवढं ध्यानात ठेव."

त्याने लगेच मोबाइलवर मूसा जलील यांचे नाव टाकले. वहीच्या एका पानाचा फोटो निघाला. बारीक, दाटीवाटीचे अक्षर, अरबी लिपीतले. त्याने फोटो मोठा केला आणि उर्दूच्या सवयीने उजवीकडून वाचायला लागला. अलिफ, लाम, नून. अक्षरे सगळी ओळखीची, शब्द एकही कळेना.

"मामू, यांना हे लिहून कुणाला दाखवायचं होतं? आपण मरणार हे माहीतच होतं ना?"

मी उठलो, कपाटातल्या जुन्या फायलीतून ती पन्नास रुपयांची पावती काढली आणि त्याच्या हातात दिली. तो बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ही का ठेवलीत?"

या प्रश्नाचे उत्तरही मी "उद्या सांगतो" म्हणून टाळले. उद्या त्याची गाडी सकाळी सातची होती.